गर्भवती मातेने लस घ्यावी का?

विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात असो वा रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात, हा प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. विचारणारी बहुधा पहिलटकरीण असते. डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात, सासूबाई नको म्हणतात आणि मोबाइलवर आलेला कुणाचा तरी संदेश सांगतो की, लशी गर्भपात केलेल्या अर्भकांपासून बनतात. तिने ऐकावे कुणाचे? ह्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देणे आम्हांला उचित वाटत नाही. काही लशी गर्भारपणात मुद्दाम घ्यावयाच्या असतात, तर काही कटाक्षाने टाळावयाच्या असतात. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळेच पुष्कळसा गोंधळ होतो.

प्रथम धनुर्वात. आपल्या आजी-पणजींच्या काळी बाळंतपण घरीच होई. नाळ कापण्याचे पाते अस्वच्छ असले, नाळेला राख वा शेण लागले, की धनुर्वाताचे जंतू बाळाच्या शरीरात शिरत. आठवडाभरात बाळ दूध ओढेनासे होई, त्याचे अंग ताठ होई आणि बहुतेक वेळा ते दगावत असे. बाळाला जन्मानंतर लस टोचून हा रोग टाळता येत नाही, कारण तेवढा अवधीच नसतो. म्हणून लस आईला देतात. तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि बाळ जन्मतःच ते संरक्षण घेऊन येते. माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली प्रमाणित झाले. तथापि हे जंतू मातीत राहतात, ते कधीच नाहीसे होत नाहीत. म्हणून टोचणी थांबलेली नाही. पूर्वी जिला ‘टीटी’ म्हणत, तिच्याऐवजी आता घटसर्पापासूनही रक्षण करणारी ‘टीडी’ दिली जाते. पहिली मात्रा गर्भारपण कळताच लवकर आणि दुसरी चार आठवड्यांनंतर घ्यावयाची असते. मागील गर्भारपणात दोन्ही मात्रा घेऊन तीन वर्षे झाली नसतील, तर एकच पुरते.

धनुर्वाताच्या लशीने वंध्यत्व येते, ही अफवा जुनी आहे. २०१४ साली केनियातील बिशपांनीही तेथील मोहिमेबद्दल तशी शंका जाहीरपणे उपस्थित केली होती. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी ती निराधार ठरविली. आपल्याकडे तर ही टोचणी घेतलेल्या मातांना दुसरे-तिसरे अपत्यही झालेले आपण घरोघरी पाहतो.

डांग्या खोकल्याची गोष्ट निराळी, पण तत्त्व तेच. बाळाची स्वतःची ह्या रोगावरील पहिली लस सहाव्या आठवड्यात असते. तोवर ते उघडे असते आणि नेमके ह्याच वयात हा खोकला जीवघेणा ठरतो. इंग्लंडमध्ये २०१२ साली ह्या रोगाची साथ आली, तान्ही बाळे दगावली, तेव्हा गर्भवतींना लस देण्यास सुरुवात झाली. पुढे केलेल्या पाहणीत तीन महिन्यांखालील बाळांना सुमारे ९१ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. ही ‘टीडॅप’ लस साधारणतः २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घ्यावी, कारण प्रतिपिंडे बाळाकडे अधिक प्रमाणात जातात ती शेवटच्या तीन महिन्यांत. दंड दुखणे, एखादा दिवस कणकण, एवढा त्रास संभवतो. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते. पूर्वी तशी झाली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. फ्लूच्या इंजेक्शनाचेही असेच: गर्भारपणात फ्लू अधिक बळावतो आणि ह्या लशीतील विषाणू मृत असतो. कोविडची लस गर्भवतींना देण्यास भारताने जुलै २०२१ मध्ये परवानगी दिली. आज ती घ्यावी की नाही, हे प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

टाळावयाच्या लशी म्हणजे जिवंत विषाणूंच्या: गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग ह्यांनी, गर्भारपणी रुबेला झालेल्या मातांच्या बाळांना मोतीबिंदू होतो, हे प्रथम दाखवून दिले. त्या बाळांना बहिरेपण आणि हृदयाचे दोषही असतात. म्हणून ही लस विवाहापूर्वीच घ्यावी आणि त्यानंतर किमान चार आठवडे गर्भधारणा टाळावी.

येथे एक गोष्ट आम्हांला आग्रहाने सांगावयाची आहे. रुबेलाची लस घेतली आणि नंतर कळले की दिवस गेले होते, असे घडते. मग घरात घबराट होते, ‘मूल सदोष होईल, पाडून टाका’ असा सल्लाही कोणी देतो. हा सल्ला वैद्यकशास्त्रालाही धरून नाही. अशा नकळत लस घेतलेल्या शेकडो मातांची नोंद ठेवली गेली आहे. त्यांच्या बाळांत लशीमुळे रुबेलाचे ते दोष आढळले नाहीत. गर्भपातास हे कारण नव्हे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आता मोबाइलवरील त्या संदेशाविषयी. त्यात सत्याचा अंश आहे, पण तो भलत्याच ठिकाणी चिकटविलेला. रुबेलाच्या लशीचा विषाणू ज्या पेशींत वाढवितात, त्यांचा मूळ उगम १९६०च्या दशकात गर्भपात झालेल्या अर्भकांत आहे. तेव्हापासून त्याच पेशींची पैदास चालू आहे, त्यासाठी नवे गर्भपात होत नाहीत. धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकल्याच्या लशी मात्र जंतूंपासून आणि त्यांच्या निष्प्रभ केलेल्या विषापासून तयार होतात, तर फ्लूची बहुतांशी कोंबडीच्या अंड्यांत. म्हणजे गर्भवतीला नेहमी देण्यात येणाऱ्या ह्या लशींबाबत हा नैतिक पेच मुळात उद्भवतच नाही.

जेथे तो उद्भवतो, तेथेही ख्रिस्तसभा मौन राहिलेली नाही. जीवनविषयक पोंटिफिकल अकादमीने २००५ साली रुबेलाचा विशेष उल्लेख करून सांगितले की, पर्याय नसेल तर अशी लस घेता येते. मात्र निर्दोष लशींची मागणी करीत राहावे. श्रद्धासिद्धान्त मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी कोविडच्या लशींसंबंधी हीच भूमिका मांडली. लस घेणे ऐच्छिक असावे, हेही त्यात स्पष्ट आहे; पण नाकारणाऱ्याने इतरांना, विशेषतः दुर्बळांना, संसर्ग होऊ नये म्हणून अन्य खबरदारी घेतली पाहिजे. उदरातील बाळाहून दुर्बळ कोण?

पहिल्या तपासणीलाच जुने कार्ड सोबत न्यावे आणि शेवटची टीटी वा टीडी कधी घेतली ते सांगावे. टीडी शासकीय रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते. टीडॅप व फ्लूसाठी बहुधा खासगी डॉक्टरांकडे जावे लागते. खर्च परवडणारा आहे का, हे आधी विचारण्यात संकोच नसावा. पतीनेही बरोबर जावे. डॉक्टर काय म्हणाले, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याचा भार एकट्या सुनेवर पडू नये.