अब्रू कुणाची गेली?

आमच्या वस्तीतली एक तरुण मजूर बाई रानातून रडत घरी आली, तेव्हा जाणत्यांनी तिला गप्प बसायला सांगितले. 'अब्रूचा प्रश्न आहे, गुरुजी.' मी विचारले, अब्रू कुणाची गेली? उत्तर आले नाही. तिला फिर्याद द्यायची होती. तिच्या सासूबरोबर मी ठाण्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न आला : 'ओरडली का नाही?'

हा प्रश्न जुना आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याची फिर्याद एका आदिवासी मजूर मुलीने दिली. उच्च न्यायालयाने शिक्षा ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून पोलिसांना सोडले. भीतीने माणसाची वाचा बसते, हे आपल्या माणसांना सांगावे लागत नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले. स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला.

आज कायदा काय देतो, हे कार्यकर्त्याला पाठ हवे. घटना कोणत्याही हद्दीतली असो, फिर्याद घ्यावीच लागते. ती महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची आणि तिची प्रत मोफत द्यायची. सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने विनामूल्य उपचार करायचे. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अमान्य केली. २०२२ साली ती करणे हे गैरवर्तन ठरवले. बाई दलित वा आदिवासी आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली की नाहीत, हे तपासावे. अंगावरचे कपडे न धुता जपून ठेवावेत.

पण फिर्याद नोंदवली म्हणजे बाई सावरली, असे नाही. ती पाण्याला जाईनाशी झाली. आम्ही तिच्यासाठी मोर्चा काढायला निघालो, तेव्हा सासू म्हणाली, 'गुरुजी, तिला इचारलं का?' आम्ही विचारले नव्हते. मी शरमलो. तिच्या मर्जीविरुद्ध एकदा घडलेच होते. आम्हीही तेच करीत होतो. मोर्चा थांबवला. शेजारच्या बाया तिच्याबरोबर पाण्याला जाऊ लागल्या, खुरपायला तिला मधल्या पातीवर घेऊ लागल्या. कुणी काही विचारीत नसे. ती बोलली तर ऐकत.

तारखेला कोर्टात जायचे ठरले, ते तिनेच ठरवले. आम्ही फक्त सोबत होतो.