ताटाखालची मांजरं

1953 च्या सप्टेंबरात कोरियातल्या इंचॉन बंदराजवळ एक चमत्कारिक देखावा दिसत होता. भारतीय जवानांनी भरलेली जहाजं येऊन थांबली होती, पण जवान धक्क्यावर उतरत नव्हते. अमेरिकी हेलिकॉप्टरं त्यांना जहाजावरूनच उचलून दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडत होती. असे सुमारे सहा हजार जवान. मायदेशी परत जायला तयार नसलेल्या, कोरियन युद्धातल्या 22 हजारांवर कैद्यांची राखण करायला ते आले होते आणि त्यांचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

हेलिकॉप्टरांचा हा खटाटोप कशासाठी? दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी बजावलं होतं की एकाही भारतीय सैनिकाचा पाय आपल्या भूमीला लागता कामा नये. नेहरूंचं तटस्थ धोरण त्यांना कम्युनिस्टधार्जिणं वाटे. री यांचं राज्य तेव्हा अमेरिकेच्या पैशावर, अमेरिकेच्या दारूगोळ्यावर आणि अमेरिकी पोरांच्या रक्तावर उभं होतं. तरीही अमेरिकेनं त्यांना ‘गप्प बसा’ म्हटलं नाही. मुकाट्यानं हेलिकॉप्टरं मागवली.

शीतयुद्धावरच्या आपल्याकडच्या लिखाणात असे छोटे देश ‘प्यादी’ किंवा ‘बाहुल्या’ म्हणून येतात. बोलीभाषेत सांगायचं तर महासत्तांच्या ताटाखालची मांजरं. कोरियाच्या गोष्टीत ही मांजरं ताटाखाली बसलेली दिसतात खरी. पण जेवण कधी वाढायचं आणि किती वाढायचं, हे बऱ्याचदा तीच ठरवत होती.

सुरुवात मात्र मांजरांसारखीच झाली. 10 ऑगस्ट 1945 च्या रात्री, जपान शरणागतीच्या बेतात असताना, वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगण्यात आलं की कोरियात सोव्हिएत फौजांना कुठं थांबवायचं ती रेघ सुचवा. हाताशी ‘नॅशनल जिऑग्राफिक’चा नकाशा होता आणि वेळ अर्ध्या तासाचा. सोल आपल्या बाजूला राहावं म्हणून त्यांनी 38 व्या अक्षांशावर बोट ठेवलं. स्तालिननं कुरकुर न करता ते मान्य केलं. एकाही कोरियन माणसाला कुणी विचारलं नाही.

मग दोन्ही बाजूंनी आपापला माणूस आणून बसवला. सोव्हिएत लाल सेनेत कॅप्टन असलेला 33 वर्षांचा किम इल-सुंग सोव्हिएत जहाजातून वोन्सान बंदरात उतरला. अमेरिकेत आयुष्य काढलेले, प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळवलेले, सत्तरीचे री ऑक्टोबरात विमानानं आले. 1948 मध्ये दोन स्वतंत्र राज्यं झाली आणि दोघांनाही सबंध कोरिया हवा होता. री यांची ‘उत्तरेकडे कूच’ची भाषा इतकी जहाल होती की 1949 मध्ये फौजा काढून घेताना अमेरिकेनं त्यांना रणगाडे आणि लढाऊ विमानं दिलीच नाहीत. आपला दोस्तच युद्ध सुरू करील, ही भीती होती. म्हणजे दक्षिणेची लष्करी दुर्बलता हीदेखील तिच्या अध्यक्षांच्या तोंडाळपणाची कमाई.

उत्तरेत काय चाललं होतं, ते जगाला नीट कळायला 1994 उजाडावं लागलं. त्या वर्षी येल्त्सिन यांनी सोव्हिएत दप्तरांतल्या कागदांच्या प्रती दक्षिण कोरियाला दिल्या. तोवर दोन तट होते. एक म्हणे, युद्ध स्तालिननं लावलं. दुसरा म्हणे, हा कोरियनांचा घरचा तंटा. कागद वाचल्यावर दोन्ही तट निम्मे निम्मे बरोबर ठरले.

1949 च्या मार्चमध्ये किमनं स्तालिनकडे दक्षिणेवर स्वारीची गोष्ट काढली. उत्तर नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा नाही. मग 17 जानेवारी 1950 रोजी प्याँगयांगमध्ये एक जेवणावळ झाली. चीनला निघालेल्या राजदूताला निरोप होता. थोडी घेऊन रंगात आलेला किम सोव्हिएत दूतावासाच्या लोकांजवळ मन मोकळं करू लागला. देश एक कसा करायचा या विचारानं मला रात्री झोप लागत नाही, असं त्याचं सांगणं. शिवाय स्तालिनना आत्ता भेटणं जमत नसेल तर माओंना भेटीन, हेही त्यानं हळूच सोडून दिलं. सोव्हिएत राजदूत श्तिकोव यांनी हे सारं तारेनं मॉस्कोला कळवलं. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. चीनमध्ये माओ नुकताच जिंकला होता. दोन मोठी घरं असली की धाकटा एका घरी जेवता जेवता दुसऱ्या घरच्या स्वयंपाकाची तारीफ करतो. किमनं हे पुढं चाळीस वर्षं केलं.

30 जानेवारीला स्तालिनचं उत्तर आलं. मदतीला तयार आहोत, या बोलायला. त्याच तारेत एक मागणीही होती. आम्हाला शिशाची फार चणचण आहे, दरसाल निदान 25 हजार टन पाठवा. साम्राज्यांच्या इतिहासात असे वाण्याच्या यादीसारखे तपशील सापडले की बरं वाटतं.

स्तालिन बदलला तो किमच्या निद्रानाशामुळं नव्हे, हेही खरं. सोव्हिएत अणुबॉम्बची चाचणी झाली होती, चीन लाल झाला होता आणि 12 जानेवारीच्या भाषणात अमेरिकी परराष्ट्रमंत्री अचिसन यांनी आशियातली संरक्षणरेषा आखताना कोरिया बाहेर ठेवला होता. पण किम दारात धरणं धरून बसला नसता तर दार उघडलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. एप्रिलमध्ये मॉस्कोत परवानगी देताना स्तालिननं हात झटकून ठेवले. तोंडावर आपटलात तर मी बोट उचलणार नाही, मदत माओंकडे मागा, असं बजावलं. मेमध्ये किम बीजिंगला गेला. माओला हे ऐकून इतकं नवल वाटलं की त्यानं मॉस्कोकडून खातरजमा मागवली. ती आली, आणि नाही म्हणायची सोय उरली नाही.

25 जून 1950 ला उत्तरेचे टी-34 रणगाडे 38 वा अक्षांश ओलांडून आले. तीन दिवसांत सोल पडलं. पुढचा घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक असतो. ट्रुमनचा हस्तक्षेप, इंचॉनची चढाई, अमेरिकी सेनापती मॅकआर्थरची चीनच्या सरहद्दीवरच्या यालू नदीकडे दौड, चिनी पंतप्रधान चौ एन-लाय यांनी मध्यरात्री भारताचे राजदूत पणिक्कर यांना बोलावून दिलेला आणि वॉशिंग्टननं कानाआड केलेला इशारा, मग ऑक्टोबरात चिनी फौजांचं नदी ओलांडणं. किमच्या साहसाची मोठी किंमत माओनं मोजली. ट्रुमननं युद्धाच्या तिसऱ्याच दिवशी तैवानच्या सामुद्रधुनीत आरमार आणून उभं केलं आणि तैवान चीनच्या हातून निसटलं ते आजतागायत. चीनच्या अधिकृत गणतीनुसार 1 लाख 97 हजारांहून अधिक चिनी सैनिक मेले. त्यांत माओचा मुलगा आन्यिंगही होता.

1952 पर्यंत किमला युद्ध नकोसं झालं होतं. अमेरिकी बॉम्बफेकीनं उत्तरेत उभी इमारत शोधावी लागत होती. आता स्तालिन ऐकेना. अमेरिका परस्पर गुंतून पडते आहे आणि चीन आपल्यावर विसंबून राहतो आहे, यात त्याला काय वाईट? उत्तर कोरियानं माणसांखेरीज काही गमावलेलं नाही, अशा अर्थाचं तो त्या ऑगस्टमध्ये चौ एन-लाय यांच्याशी बोलून गेला. इथं मांजर पुन्हा ताटाखाली गेलेलं दिसतं. युद्ध सुरू करायला धाकट्याचा हट्ट पुरला, थांबवायला मात्र मार्च 1953 मध्ये थोरल्याचा मृत्यू व्हावा लागला.

दक्षिणेत याच्या नेमकं उलट. अमेरिकेचे नवे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना युद्ध संपवायचं होतं आणि री यांना चालू ठेवायचं होतं. 18 जून 1953 ला, तह अगदी हातातोंडाशी आला असताना, री यांच्या हुकमावरून दक्षिणेतल्या छावण्यांची दारं उघडली गेली. सुमारे 27 हजार कम्युनिस्टविरोधी उत्तर कोरियन कैदी रातोरात गावांत मिसळून गेले. कैद्यांच्या प्रश्नावर तर वाटाघाटी दीड वर्ष रखडल्या होत्या! वॉशिंग्टनमध्ये हाहाकार उडाला. री यांना ताब्यात घेऊन लष्करी राजवट आणण्याचा एक आराखडा अमेरिकी सेनापतींनी आधीपासून तयार ठेवला होता. त्याचं नाव ‘एव्हररेडी’. विजेरीच्या सेलसारखा तो खणात पडून राहिला, कारण प्रश्न जुनाच होता. री यांना काढलं तर बसवायचं कुणाला? आणि ज्या स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणून जगाला सांगितलं, त्याच देशाचा अध्यक्ष कैद केल्यावर तोंड कुठं लपवायचं?

म्हणून सैनिकांऐवजी वॉल्टर रॉबर्टसन नावाचे मुत्सद्दी सोलला गेले आणि दोनेक आठवडे म्हाताऱ्याची समजूत काढत बसले. परतले तेव्हा री यांच्या पदरात परस्पर संरक्षणाचा करार, 20 कोटी डॉलर मदतीचा पहिला हप्ता आणि 20 डिव्हिजनांच्या सैन्याचं आश्वासन होतं. बदल्यात त्यांनी काय दिलं? तहावर सही केली नाही, फक्त तो मोडणार नाही एवढा शब्द दिला. 27 जुलैला पानमुनजोममध्ये झालेल्या युद्धबंदीवर दक्षिण कोरियाची सही आजही नाही. संरक्षण करारावर मात्र 1 ऑक्टोबरला सही झाली, आणि अमेरिकी सैन्य त्याच्या आधारानं आजही तिथं आहे.

हीच री यांची खरी ताकद होती. आपण इतके दुबळे आहोत की तुम्ही हात सोडलात तर कोसळू, आणि कोसळलो तर नाक तुमचं कापलं जाईल. बुडायला आलेलं कूळ सावकाराला नाचवतं, तसला हा प्रकार. थोरात यांच्या जवानांना हवेतून न्यावं लागलं ते यामुळंच. निर्लष्करी पट्ट्यात ‘हिंदनगर’ उभारून या जवानांनी पुढचे काही महिने दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आपल्या आवारात ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः आत शिरले आणि त्याला सोडवून घेऊन आले. 88 कैद्यांनी दोन्ही कोरिया, चीन, तैवान सगळंच नाकारलं आणि 1954 च्या फेब्रुवारीत ते भारतीय फौजेबरोबर भारतात आले. त्यांतले बरेच पुढं ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले.

त्यानंतरची वर्षं थोडक्यात. 1956 मध्ये पक्षातल्या सोव्हिएत आणि चिनी गटांनी किमवर उघड टीका केली. त्यानं त्यांना हाकललं, तेव्हा सोव्हिएत नेते मिकोयान आणि चीनचे पेंग दहुआय जोडीनं प्याँगयांगला धावले. किमनं मान डोलावली, पाहुणे गेले, आणि मग सवडीनं त्यानं दोन्ही गट निपटून काढले. 1961 च्या जुलैत त्यानं सोव्हिएत संघाशी संरक्षण करार केला आणि पाचच दिवसांनी चीनशी. मॉस्को-बीजिंगचं वितुष्ट हे इतर कम्युनिस्ट देशांना संकट वाटलं, किमला ते पावसाळ्यासारखं लाभलं.

सोलमध्ये 1961 च्या बंडानंतर आलेल्या पार्क चुंग-ही यांनी वेगळा सौदा केला. व्हिएतनामात अमेरिकेला साथीदार हवे होते. पार्क यांनी 1973 पर्यंत आळीपाळीनं तीन लाखांवर सैनिक पाठवले आणि बदल्यात शस्त्रं, भत्ते, पुरवठ्याची आणि बांधकामाची कंत्राटं मिळवली. पाच हजारांवर जवान तिथंच कामी आले. दक्षिण कोरियाच्या उद्योगांचं कौतुक आपण करतो तेव्हा हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

जानेवारी 1968 मध्ये तर दोन दिवसांत सगळंच उघड्यावर आलं. 21 तारखेला उत्तरेचे 31 कमांडो पार्क यांना मारायला सोलमध्ये शिरले. 23 तारखेला उत्तरेनं ‘प्वेब्लो’ हे अमेरिकी हेरगिरी जहाज पकडलं. मॉस्कोला आधी काही सांगितलं नव्हतं. नंतर कराराची आठवण मात्र करून दिली. करार बचावासाठी आहे, हे सोव्हिएतांनाच उत्तरेला समजावून सांगावं लागलं. इकडं पार्क चिडले, की माझ्या जिवावर उठलेल्यांचं सोडून अमेरिका आपल्या खलाशांसाठी उत्तरेशी बोलते! त्यांनी एकट्यानं सूड उगवू नये म्हणून अमेरिकेला सायरस व्हान्स या दूताला पाठवावं लागलं, सोबत 10 कोटी डॉलरची जादा लष्करी मदत. खलाशी अकरा महिन्यांनी सुटले. जहाज अजून प्याँगयांगमध्ये आहे, लोक येऊन बघतात.

1990 च्या सप्टेंबरात सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झे प्याँगयांगला गेले. दक्षिण कोरियाला मान्यता देतो आहोत, हे सांगायला. किमनं भेट दिली नाही. त्याच्या परराष्ट्रमंत्र्यानं सुनावलं, की मग करार निरर्थक ठरतो आणि आमची शस्त्रं आमची आम्हाला बघावी लागतील. 1992 मध्ये चीननंही सोलला मान्यता दिली. 2006 मध्ये उत्तरेनं पहिला अणुस्फोट केला.

19 जून 2024 ला पुतिन 24 वर्षांनी प्याँगयांगच्या विमानतळावर उतरले. युक्रेनच्या युद्धात रशियाला तोफगोळे कमी पडत होते. किमचा नातू स्वागताला उभा होता. त्याच दिवशी परस्पर संरक्षणाचा नवा करार झाला आणि काही महिन्यांत उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क प्रांतात लढत होते. शिशाची तार स्तालिननं पाठवली त्याला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती. या खेपेला यजमान प्याँगयांगचा होता आणि मागायला आलेला पाहुणा मॉस्कोचा.