एक लाख नऊ हजार घोड्यांचं इंजिन

सर्जेकोट बंदरात एखाद्या ट्रॉलरवरच्या फळ्या उचलून खाली डोकावलं की सहा सिलेंडरचं डिझेल इंजिन दिसतं. धरून चाला, शंभर हॉर्सपॉवरचं. पावसाळी मासेमारी बंदीत ते खोलायचं, रिंगा बदलायच्या, पुन्हा बसवायचं, हे काम जाणणारे हात मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर भरपूर आहेत. मर्चंट नेव्हीत इंजिनाच्या बाजूला जायचं म्हणणाऱ्या मुलांना माझं सांगणं असतं, की तिकडेही मूळ काम हेच. आकडे मात्र छाती दडपवतात.

2006 साली समुद्रात उतरलेलं ‘एमा मेर्स्क’ हे कंटेनर जहाज 397 मीटर लांब. त्याचं मुख्य इंजिन वार्टसिलाच्या आराखड्याचं, 14 सिलेंडरचं. ताकद 1,09,000 हॉर्सपॉवर, म्हणजे आपल्या हजाराहून अधिक ट्रॉलरांची एकत्र. वजन 2,300 टन, त्यात एकटा क्रँकशाफ्ट 300 टनांचा. उंची साडेतेरा मीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट सुमारे 30 फूट उंच. हे इंजिन त्याच्याही वर चौदा फूट जाईल.

एका सिलेंडरचा व्यास 96 सेंटीमीटर, पिस्टनची धाव अडीच मीटर. छपरावरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या जवळजवळ मावतील एवढी पोकळी. पिस्टन काढला की इंजिनीअर शिडी लावून आत उतरतो आणि भिंत कुठे किती झिजली ते मापतो.

एवढं धूड मिनिटाला फिरतं फक्त 102 वेळा. पण ते टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलेंडर पेटतो. हिशेब करा: दिवसाला वीस लाखांहून जास्त ज्वलनं. पूर्ण ताकदीने चालवलं तर तासाला तेरा-चौदा टन इंधन जातं. तेही डांबरासारखं दाट, साधारण 98 अंशांपर्यंत तापवून प्युरिफायरमधून गाळल्याशिवाय इंजिनात घालता न येणारं. त्या इंधनातली निम्मी ऊर्जा मात्र प्रत्यक्ष कामी येते, आणि रस्त्यावरच्या पेट्रोल-डिझेल मोटारींपेक्षा ही कामगिरी सरस आहे.

मला यातला सर्वांत थक्क करणारा आकडा मात्र अगदी लहान वाटतो. क्रँकशाफ्ट सरळ रेषेत आहे का, हे पाहायला क्रँकच्या दोन जाड पाळ्यांमध्ये डायल गेज लावतात, टर्निंग गिअरने इंजिन हळूहळू फिरवतात आणि काटा वाचतात. वाचायचं असतं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 300 टनांचं लोखंड आणि 0.01 मिलिमीटर! मरीन इंजिनीअरिंगचं शिक्षण म्हणजे ही नजर कमावणं, असं मी मानतो.

जहाजदुरुस्ती आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला नवी नाही. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटन खाडीकाठी मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे, सुमारे 355 फूट लांब आणि 227 फूट रुंद. ‘एमा’ तिच्यात मावणार नाही, पण जहाज दुरुस्तीला घ्यायची विद्या तीच.

आजची वाट अशी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन 2008 साली स्थापन झालेल्या इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यायची आणि चार वर्षांचं बी.टेक. करायचं. मुंबईत मरीन इंजिनीअरिंगचं शिक्षण 1949 पासून दिलं जातं. मेकॅनिकलची पदवी असेल तर वर्षाचा जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनीअरिंग) कोर्स आहे. मग समुद्रावरची उमेदवारी, एमईओ (मरीन इंजिनीअर ऑफिसर) क्लास फोरची परीक्षा, आणि पुढे क्लास टू, क्लास वन करत चीफ इंजिनीअर.

पालकांना एक कळकळीची विनंती. फी भरण्याआधी संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते स्वतः तपासा. आणि ‘शिपवर लावतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका; खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणं बेकायदेशीर आहे.