दहावीनंतरची लांब सुट्टी: शिबिराचं वय सरलं, कॉलेज अजून दूर; मुलांनी करायचं काय?

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती पाहिल्या तर बऱ्याच ठिकाणी वयोगट १२-१३ वर्षांपर्यंत येऊन थांबतो. रंगकाम, मातीकाम, गोष्टी हे सगळं लहानांसाठी. १५-१६ वर्षांच्या मुलाला तिथे पाठवलं तर तो दुसऱ्या दिवशी जाणार नाही. त्यात दहावी झालेल्यांची सुट्टी सगळ्यात लांब. २०२५ मध्ये परीक्षा १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मे रोजी लागला. अकरावीचे प्रवेश त्याच्याही पुढे.

या वयाच्या मुलांना करमणुकीपेक्षा खरं काम जास्त आवडतं, पण ते काम त्यांनी स्वतः निवडलेलं हवं. पर्याय कोणते आणि कायदा कुठे आडवा येतो, समजून घेऊया.

क्लास लावावा का?

लावा, पण एकच. एमएस-सीआयटी हा दहावीनंतरचा नेहमीचा पर्याय आहे. टायपिंगही उपयोगाचं. राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा या सुट्टीत झाली नाही तरी कीबोर्डकडे न बघता मराठी आणि इंग्रजी टाइप करता येणं पुढे प्रत्येक कोर्समध्ये कामी येतं.

फी भरायची नसेल तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर नववी ते बारावीचे विषय मोफत शिकता येतात. कोडिंगची गोडी लागते का हे पाहायला 'स्क्रॅच' मोफत आहे. ते जमलं तर पुढे पायथॉन.

फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा:
- एका बॅचमध्ये किती मुलं असतात?
- शेवटी मुलाच्या हातात काय असेल, नुसतं सर्टिफिकेट की स्वतः केलेलं काही?
- आठवड्याभरात सोडलं तर पैसे परत मिळतात का?

सुट्टीत काम करून पैसे कमावता येतात का?

येतात, मर्यादेत. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार:
- १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत चालते, तीही धोकादायक नसेल तरच.
- १४ ते १८ वयोगटाला खाणी, स्फोटकं, ज्वलनशील पदार्थ आणि धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी बंदी आहे.
- इतर ठिकाणी सलग ३ तासांनंतर किमान १ तास विश्रांती, आणि विश्रांती धरून दिवसाला जास्तीत जास्त ६ तास.
- संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही, ओव्हरटाइम नाही. आठवड्याला एक सुट्टी हवीच.

म्हणजे ओळखीच्या दुकानात सकाळी काउंटर सांभाळणं, लहान मुलांना गणित शिकवणं, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणं हे शक्य आहे.

मोबाइलवर येणाऱ्या 'घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, रोज हजार रुपये मिळवा' अशा ऑफरपासून मात्र लांब राहा. आधी थोडे पैसे देऊन मग मोठी रक्कम भरायला लावायची, ही त्यांची ठरलेली पद्धत. काही जण 'फक्त खातं वापरायला द्या' म्हणतात. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला तर चौकशी खातेदाराची होते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

घरातलं कोणतं काम द्यावं?

स्वतःची कागदपत्रं. अकरावी प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यासाठी धावपळ होते. 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात हे अर्ज मुलालाच करू द्या, तुम्ही फक्त सोबत जा. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर आधारचं बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं, तेही उरकून घ्या.

बँकेचं कामही शिकवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांनुसार १० वर्षांवरील मुलांना बँकेच्या अटींनुसार स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. सोबत आठवड्यातून दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक द्या. कुकर लावणं, पिठलं करणं, पोळी लाटणं हे मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही यायला हवं. दोन वर्षांनी होस्टेलवर गेल्यावर त्याची किंमत कळते.

मैदान, गड, पोहणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटं घाम काढणारी हालचाल हवी. उन्हामुळे सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळीच बाहेर पडा.

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. लोहगड, शिवनेरी, पन्हाळा हे घरच्यांसोबत सहज होण्यासारखे. सहलीचं नियोजन, एसटीचं वेळापत्रक आणि खर्च मुलांकडे सोपवा.

पोहायला शिकायचं तर तलावावर, प्रशिक्षकाकडे. विहीर, धरण, खदान इथे मित्रांसोबत जाणं नको. पोहता येणारेही तिथे बुडतात.

'सुट्टीत गाडी शिकू का?'

१६ व्या वर्षी पालकांच्या संमतीने फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचा परवाना मिळतो. घरातली स्कूटर बहुधा १०० सीसीच्या वरची असते, म्हणजे ती १८ नंतरच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना कायदा मोडला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. तोवर सायकल उत्तम.

धाकटी भावंडं नववीत असतील तर

इस्रोचा 'युविका' हा निवासी विज्ञान कार्यक्रम नववीच्याच विद्यार्थ्यांसाठी असतो आणि उन्हाळ्यात होतो. अर्ज काही महिने आधी भरावा लागतो, त्यामुळे जानेवारीपासून इस्रोच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा.

मग वेळापत्रक कसं आखायचं?

एक कौशल्य, एक जबाबदारी, एक मैदानी गोष्ट. तिन्ही मुलाने निवडायच्या, तुम्ही फक्त पैसे आणि सुरक्षिततेची मर्यादा सांगायची. दोन आठवड्यांनी एकदा बोला, जमत नसेल तर बदला. दुपार मोकळी ठेवा. या वयात ८ ते १० तासांची झोप लागते. वर्षभर क्लास आणि परीक्षा केलेल्या मुलाने थोडं लोळणं, हाही सुट्टीचाच भाग आहे.