बाळंतिणीचा दम आणि छातीचा एक्स-रे

महिला मंडळाच्या कामासाठी घरोघरी जाते तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं, "बाळंतीण आहे, दम लागायचाच!" मैत्रिणींनो, नेहमीच तसं नसतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर साधारण ५ महिन्यांपर्यंत काही जणींच्या हृदयाचा स्नायू दुबळा होतो. आडवं झाल्यावर गुदमरणं, रात्रीचा खोकला, पायांवर सूज ही त्याची लक्षणं. छातीच्या एक्स-रेत हृदयाची सावली छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठी दिसली, फुफ्फुसांत पाणी दिसलं, की डॉक्टर सावध होतात. पण एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत राहू नका. पक्कं निदान होतं ते इकोनेच. वेळेवर औषधं मिळाली तर अनेकींचं हृदय पूर्ववत होतं. तेव्हा सासूबाईंनो, सुनेला हा दम अंगावर काढू देऊ नका!