मेंदूचे रुग्णालय कोल्हापुरातच का हवे?

अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी उठून बसतो, नीट बोलतो आणि काही तासांत बेशुद्ध पडतो. कवटीच्या आत रक्त साचत जाते. हाडाच्या पेटीत त्याला वाट नसते, म्हणून सारा दाब मेंदूवर येतो. मेंदूलगत रक्त साचलेल्या रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. ४ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के दगावले, उशीर झालेल्यांपैकी ९० टक्के. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढी तफावत दिसली नाही. तरीही रक्त लवकर काढावे, याबद्दल दुमत नाही. आता अंतर पाहा. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर, तिथून पुणे आणखी सव्वादोनशेच्या पुढे. मेंदूशल्यविशारद डॉ. संतोष प्रभू यांनी कोल्हापुरात उभारलेल्या ‘वेस्टर्न इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरोसायन्सेस’चे, म्हणजे ‘विन्स’चे मोल या हिशेबात आहे.

मोठ्या रुग्णालयात मेंदूचा एक विभाग असला की पुरे, असा आक्षेप येतो. अपघाती रुग्णाला छाती-पोटाच्याही जखमा असतात, हे खरेच; म्हणून रक्तपेढी आणि इतर शल्यचिकित्सकांची साथ अशा रुग्णालयाला हवीच. पण मेंदूची शस्त्रक्रिया एकट्या सर्जनच्या हातावर पार पडत नाही. मध्यरात्री सीटी स्कॅन, मेंदूचा दाब सांभाळणारा भूलतज्ज्ञ, डोळ्याच्या बाहुलीतला बारीक बदल ओळखणारी परिचारिका आणि पुढे महिनोन्महिने फिजिओथेरपी, अशी साखळी लागते. तेच काम रोज केल्याने ती घट्ट होते. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये १८६० साली मज्जासंस्थेच्या विकारांसाठीच रुग्णालय सुरू झाले आणि पुढे ते या शास्त्राची मोठी शाळा ठरले, ते याच एकाग्रतेमुळे.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. जवळ असूनही परवडत नसेल, तर ते रुग्णालय गरिबाला पुण्याइतकेच लांब. पण स्वस्त सेवा अशक्य नाही: कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाच्या सिद्धगिरी धर्मादाय रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही त्यांचा समावेश आहे. कोल्हापुरातल्या सीपीआरसारखे (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय या साखळीत भक्कम जोडले गेले, तर ती पुरी होईल. आपल्या हाती एवढेच: हेल्मेट घालावे, आणि डोक्याला मार लागलेल्याला गुंगी किंवा उलटी होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये.