तहाच्या मेजाभोवती



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि मोफत वाचनालयात झाले, आणि आयुष्याची बरीच वर्षे मालक व कामगार यांच्यातील करार करण्यात, वाचण्यात आणि मोडलेले पाहण्यात गेली. एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या तहांकडेही मी त्याच नजरेने पाहणार आहे. करार हातात पडला की आम्ही लोक पहिले पान वाचत नाही. आधी सह्या कोणाच्या आहेत ते पाहतो, मग अंमलबजावणीचे कलम शोधतो. प्रस्तावनेतील गोड भाषा सवडीने वाचली तरी चालते.

नेपोलियनच्या लढायांनी होरपळलेल्या युरोपातील मुत्सद्दी १८१४ च्या सप्टेंबरात व्हिएन्ना येथे जमले. ऑस्ट्रियाचा मेटरनिख, इंग्लंडचा कॅसलरे, रशियाचा झार अलेक्झांडर, प्रशियाचा हार्डेनबर्ग, आणि पराभूत फ्रान्सचा पाताळयंत्री ताल्येराँ. नाचगाणी आणि मेजवान्याही पुष्कळ झाल्या. पण ९ जून १८१५ रोजी १२१ कलमांच्या तहावर सह्या पडल्या, त्या वॉटर्लूच्या लढाईच्या नऊ दिवस आधी. कल्पना साधी होती. कोणतेही एक राष्ट्र इतके बलाढ्य होऊ द्यायचे नाही की बाकीच्यांना ते गिळून टाकील. आणि भांडण उभे राहिले तर तोफा काढण्याआधी बड्यांनी एकत्र बसायचे. हरलेल्या फ्रान्सलाही १८१८ मध्ये या पंक्तीत पाट मिळाला. हे शहाणपण मोठे होते. १९१९ साली जर्मनीच्या बाबतीत ते विसरले गेले.

याचे फळ काय मिळाले? १८१५ पासून १९१४ पर्यंत सगळी बडी राष्ट्रे एकाच वेळी रणात उतरली असे एकही युद्ध युरोपात झाले नाही. क्रिमियाचे झाले, १८५९, १८६६ आणि १८७० ची झाली. पण ती आटोक्यात राहिली. लक्षावधी घरांतील मुले त्यामुळे जिवंत राहिली, तेव्हा या मुत्सद्द्यांना नुसती नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. ऱ्हाइन नदीवर सर्व राष्ट्रांच्या नावा मोकळेपणी चालाव्यात म्हणून व्हिएन्नाने नेमलेले मंडळ आजही स्ट्रासबुर्ग येथे काम करीत आहे. याच मुत्सद्द्यांनी इटली, स्पेन, पोलंड इथल्या जनतेच्या उठावांवर वरवंटा फिरवला हेही खरे. पण ती कथा पुष्कळांनी सांगितली आहे. मला विचारायचे आहे ते वेगळे. युरोपात शांतता होती तेव्हा बाहेर काय चालले होते?

व्हिएन्नाच्या मेजावर कॅसलरे १८१५ च्या फेब्रुवारीत मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या जागी येऊन बसला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा आपल्या परिचयाचा गृहस्थ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे आणि भोसले यांच्या फौजांना ज्याने हरवले, तोच हा आर्थर वेलस्ली. असई आजच्या जालना जिल्ह्यात आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणी द बॉइन आणि पेराँ या फ्रेंच बोलणाऱ्या सेनानींनी घडवलेल्या होत्या. इंग्रजांशी लढताना फ्रेंचांकडे पाहायचे, ही आपल्याकडच्या दरबारांची जुनी रीत होती.

ती वाट एका कलमाने बुजवली. ३० मे १८१४ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सने कबूल केले की हिंदुस्थानातील आपल्या वखारींत आपण तटबंदी बांधणार नाही, आणि बंदोबस्तापुरतेच शिपाई ठेवू. चार वर्षांनी पेशवाई बुडाली. ती बुडण्याची कारणे बहुतेक आपल्या घरातलीच होती, याविषयी मला शंका नाही. पण १८१७ मध्ये पुण्याहून समुद्रापलीकडे नजर टाकली असती तर मदतीला यावे असे कोणी उरलेले नव्हते, एवढे मात्र पॅरिसमध्ये आधीच ठरून गेले होते.

त्याच तहातील दुसरे एक कलम मला अधिक महत्त्वाचे वाटते. मॉरिशस बेट फ्रान्सने इंग्लंडला देऊन टाकले. शेजारचे बूर्बाँ बेट मात्र परत घेतले. बेटावरील माणसांना कोणी विचारले नाही. ती बहुसंख्य गुलामच होती, आणि गुलामाचे मत कोण विचारतो? पुढे ८ फेब्रुवारी १८१५ रोजी व्हिएन्ना येथे बड्या राष्ट्रांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. हा निषेध म्हणजे निव्वळ ढोंग होते असे मी म्हणणार नाही. इंग्लंडात सामान्य माणसांनी त्यासाठी अर्जांचे ढीग घातले होते. पण व्यापार बंद कधी करायचा याची तारीख त्या जाहीरनाम्यात नव्हती. ती ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवायची होती. आमच्याकडे असल्या कलमाला 'शक्य तितक्या लवकर'चे कलम म्हणतात, आणि ते कशासाठी घालतात हे गिरणीतल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारावे.

मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली. मळेवाल्यांना नुकसानभरपाई मिळाली. गुलामांना दमडी मिळाली नाही. उसाला तर माणूस हवाच. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली होती. कागदावर अंगठा उठवायचा आणि पाच वर्षे बांधून घ्यायचे. सुमारे साडेचार लाख माणसे अशी त्या बेटावर उतरली. बिहार आणि मद्रासकडची पुष्कळ, पण मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातलीही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात आणि गणपती बसवतात. रत्नागिरीकडच्या एखाद्या कुळाच्या मुलाने हिंदी महासागरातल्या बेटावर ऊस का तोडला, याचे उत्तर शोधू गेल्यास वाट अशी पॅरिस आणि व्हिएन्नाच्या दिवाणखान्यांतून जाते.

आता शतकाच्या उत्तरार्धाकडे येऊ. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बिस्मार्कने बर्लिन येथे १४ राष्ट्रांची परिषद भरवली. विषय आफ्रिकेचा, आफ्रिकेतला माणूस एकही नाही. या परिषदेत पट्टी घेऊन नकाशावर रेघा ओढल्या असे आपण ऐकतो, ते तितकेसे बरोबर नाही. बहुतेक सीमा पुढे दोन-दोन राष्ट्रांनी आपापसांत ठरवल्या. बर्लिनने नियम ठरवले, आणि नियम ठरवणे ही रेघ ओढण्यापेक्षा जबर गोष्ट असते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नवा ताबा घेणाऱ्याने इतरांना तसे कळवायचे आणि तिथे खरोखरच अंमल बसवायचा. काँगो आणि नायजर नद्यांवर ऱ्हाइनच्या धर्तीवर मोकळी वाहतूक ठेवायची. हेतू असा की आफ्रिकेवरून युरोपात युद्ध पेटू नये. हा हेतू साधला. तीन गिरणीमालकांनी एकमेकांचे कामगार पळवायचे नाहीत असे ठरवले तर त्यांच्यातही शांतताच नांदते.

सहाव्या कलमात तिथल्या लोकांच्या नैतिक आणि भौतिक कल्याणाची जबाबदारी सर्वांनी घेतली होती. देखरेखीचे काय? काँगोसाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ नेमण्याची तरतूद होती, ते कधी अस्तित्वातच आले नाही. बेल्जमचा राजा लिओपोल्ड याने त्या अवाढव्य मुलुखाची खाजगी मालमत्ता केली. रबराचा ठरलेला हिस्सा न आणणाऱ्या गावांतील बायका ओलीस धरल्या जात. गोळी वाया घालवली नाही हे दाखवण्यासाठी शिपाई मेलेल्यांचे, आणि कधी जिवंत माणसांचेही, हात तोडून आणत.

हे उघडकीस आणणाऱ्यांत ई. डी. मोरेल नावाचा एक कारकून होता. लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत हिशेब पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले की काँगोहून जहाजे रबर आणि हस्तिदंत भरून येतात, आणि परत जाताना त्यांत विकायचा माल जवळजवळ नसतोच. बंदुका आणि दारूगोळा असतो. ज्याच्याकडून माल घेतला त्याला मोबदला गेलेला नाही, म्हणजे तिथे वेठ चालू आहे! ही गोष्ट जमाखर्चाच्या वहीत दिसली. मोरेलने नोकरी सोडली आणि चळवळ उभारली. रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९०८ साली राजाला आपली ही जहागीर बेल्जमच्या सरकारच्या स्वाधीन करावी लागली.

काँगोचे राजेपद स्वीकारण्यास लिओपोल्डला बेल्जमच्या संसदेने १८८५ मध्ये परवानगी दिली, तेव्हा तिथे पंतप्रधान होते ऑग्युस्त बेअर्नार्ट. हे नाव कृपा करून लक्षात ठेवावे.

१८९९ मध्ये रशियाच्या झारच्या निमंत्रणावरून हेग येथे २६ राष्ट्रे जमली. शस्त्रे कमी करण्याचा मूळ विषय बारगळला, पण एका गोळीवर बंदी आली. शरीरात शिरताच पसरणारी आणि भयंकर जखम करणारी ही गोळी कोलकात्याजवळच्या दमदम येथील सरकारी कारखान्यात तयार झाली होती, आणि जगभर तिला 'दमदम' हेच नाव पडले. इंग्लंडचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी तिचे समर्थन केले. सुधारलेला शिपाई साधी गोळी लागली की खाली बसतो, पण रानटी माणूस धावतच येतो, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडने त्या वेळी सही केली नाही. १९०७ मध्ये केली. आणि खुद्द बंदीतही अट होती, की ती सही करणाऱ्यांच्या आपसांतील युद्धालाच लागू. म्हणजे सरहद्दीवरचा पठाण किंवा सुदानी त्यात बसतच नव्हता. परिषद जुलैअखेर उठली, आणि ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. बोअरांच्या प्रजासत्ताकांना हेगचे निमंत्रणच नव्हते.

हेगने एक टिकाऊ गोष्ट मात्र केली. राष्ट्राराष्ट्रांतील तंटे सोडवण्यासाठी लवादाचे कायम न्यायालय स्थापले. त्याच्यापुढे आलेल्या सुरुवातीच्या खटल्यांपैकी एक आपल्या घरचा आहे.

८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात विनायक दामोदर सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी घेतली आणि ते फ्रेंच किनाऱ्यावर पोचले. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून पुन्हा बोटीवरील इंग्रज अंमलदारांच्या हवाली केले. त्यांच्या पुढील राजकारणाशी माझे मतभेद आहेत, पण इथे प्रश्न आश्रयाच्या हक्काचा होता. फ्रान्समधील समाजवाद्यांनी तो उचलला. मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने 'ल्युमानिते' पत्रातून लेखणी झिजवली. फ्रेंच सरकारला मागणी करावी लागली, आणि तंटा हेगला गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये सुनावणी झाली, तोपर्यंत मुंबईत दोन जन्मठेपांची शिक्षा सुनावूनही झाली होती. पाच लवादांत एक इंग्रज आणि एक फ्रेंच होता. वादी फ्रान्स, प्रतिवादी इंग्लंड. ज्याच्या देहाचा तंटा, तो पक्षकारच नव्हता! २४ फेब्रुवारीला निकाल लागला. पकडून देण्यात नियमाचा भंग झाला खरा, पण त्यामुळे कैदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर येत नाही, असा तो निकाल होता. लवादाचे अध्यक्ष होते ऑग्युस्त बेअर्नार्ट. दोनच वर्षांपूर्वी, १९०९ मध्ये, त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

बेअर्नार्ट वाईट माणूस होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. लवादाच्या तत्त्वासाठी त्याने तळमळीने खटपट केली. त्याच्या दृष्टीने तंटा राष्ट्राराष्ट्रांतच होऊ शकत होता, आणि काँगोतला रबर गोळा करणारा किंवा अंदमानला निघालेला कैदी हे राष्ट्र नव्हते.

हे न्यायालय आजही हेगच्या शांतिप्रासादात आहे. तो प्रासाद १९१३ च्या ऑगस्टात उघडला, आणि वर्ष पुरे होण्याआधी महायुद्ध पेटले. बंगालच्या उपसागराच्या हद्दीवरून बांगलादेश आणि भारत यांच्यात तंटा होता, त्याचा निवाडा ७ जुलै २०१४ रोजी याच न्यायालयाच्या व्यवस्थेखाली झाला. वादातील सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटर समुद्रापैकी १९,४६७ बांगलादेशाकडे गेला. या वेळी दोन्ही पक्ष मेजाशी बसलेले होते. भारताने निकाल मान्य केला.